सोनगड की सोनगढ : एका सीमादुर्गाची तीन शतके

सीमेपलीकडच्या आणि अलीकडच्याही वाचकांची पत्रे मला अधूनमधून येतात. त्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. सुरतेहून नंदुरबारकडे जाताना व्यारा मागे टाकले की डावी-उजवीकडे टेकड्या जमू लागतात आणि त्यांतल्या एकीवर तटबंदीची रेघ दिसते. ‘तो किल्ला आपलाच ना?’ असे हे वाचक विचारतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला मी क्षणाचाही विलंब न लावता होकार देत असे. आज तसा देत नाही. हा लेख त्या विलंबाविषयी आहे.

माझे वडील १९७०च्या दशकात साक्री तालुक्यातून सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात कामाला लागले. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि आखाजीला, आम्ही भुसावळच्या गाडीने गावी जात असू. नवापूरला उतरायचे, मग एस.टी.ने विसरवाडी, कोंडाईबारी आणि दहिवेल. गाडी उकाई-सोनगड स्थानकाजवळ आली की वडील खिडकीतून हात दाखवत आणि म्हणत, ‘हाऊ पिलाजीरावना गड.’ मला तेव्हा पिलाजीराव म्हणजे आमच्याच भाऊबंदांपैकी कोणी वडीलधारी व्यक्ती असावी असे वाटे. स्थानकाच्या फलकावर मात्र ‘सोनगढ’ असे लिहिलेले असे. ‘ढ’ हे अक्षर मला शाळेतल्या मठ्ठ मुलांमुळे ठाऊक होते. गुजरात्यांनी आपल्या गडाला ‘ढ’ लावला, याचा मला त्या वयात मनापासून राग आला होता.

तो राग अज्ञानाचा होता, हे पुढे भाषेचा थोडाबहुत अभ्यास केल्यावर कळले. ‘गढ’ हेच रूप जुने आहे. गुजराती आणि हिंदी यांनी ते टिकवले. मराठीने शब्दाच्या शेवटचा महाप्राण सोडून दिला. गुजराती ‘हाथ’ आपल्याकडे ‘हात’ झाला, ‘भूख’ची ‘भूक’ झाली, ‘शीखवुं’चे ‘शिकणे’ झाले. त्याच वाटेने ‘गढ’चा ‘गड’ झाला. शब्दाच्या पोटात असलेला महाप्राण मात्र मराठीने जपला, म्हणून पाटला-देशमुखांच्या तटबंद वाड्याला आपण आजही ‘गढी’ म्हणतो. म्हणजे गढीतला ‘ढ’ आपला आणि गडावरचा परका, असा हा माझा न्याय होता. सोनगड हे नाव तरी कुठे एकाच मुलखाचे आहे? महाडजवळ सोनगड आहे, सिन्नर तालुक्यात सोनगड आहे, आणि सौराष्ट्रात भावनगरकडे सोनगढ आहे. नावावरून मालकी सिद्ध करू पाहणाऱ्याने आधी ही यादी डोळ्यांखाली घालावी.

आता गडाकडे वळू.

हा किल्ला उंचीने कोणाला दिपवणारा नाही. बागलाणातला साल्हेर सुमारे १५६७ मीटर उंच. त्याच्या माथ्यावरून डांगचे रान पायांशी पसरलेले दिसते, आणि १६७२च्या फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेचा खुल्या मैदानात पराभव केला, हे प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला माहीत असते, निदान असायला हवे. २०२५च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे. सोनगड त्यात नाही आणि त्याबद्दल कोणी रडल्याचे ऐकिवात नाही. सोनगडाचे मोल उंचीत नाही, जागेत आहे. खानदेशातून सुरतेला उतरणारी वाट जिथे डोंगर सोडते आणि सपाटीला लागते, नेमक्या त्या उंबऱ्यावर तो बसला आहे.

ही वाट फार जुनी आहे. सुरत-बऱ्हाणपूर हा मोगल काळातला मोठा व्यापारी मार्ग, आणि सतराव्या शतकात तो तुडवणाऱ्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने त्यावरील मुक्कामांची नोंद करून ठेवली आहे. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार ही नावे त्याच्या उच्चारात वेडीवाकडी झालेली असली तरी ओळखू येतात. नवापूरविषयी तो लिहितो की हे गाव विणकरांनी भरलेले आहे आणि इथल्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो. मला या नोंदीचे नेहमी अप्रूप वाटते. माझे वडील त्याच वाटेने विणायलाच सुरतेला गेले, फक्त साडेतीनशे वर्षांनी आणि उलट दिशेला कापडाचे गठ्ठे पाठवायला.

छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ आणि १६७०. दुसऱ्या वेळी परतताना फौज बागलाणातून गेली आणि दिंडोरीपाशी मोगलांशी गाठ पडली. पण त्या स्वाऱ्या होत्या. आली फौज, गेली फौज. मराठ्यांनी सुरतेच्या दारात ठाण मांडले ते पुढल्या शतकात, आणि ते ज्याने मांडले त्याचे नाव पिलाजीराव गायकवाड.

गायकवाड घराण्याचा उदय सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी झाला. पिलाजीरावांचे चुलते दमाजीराव यांनी १७२०च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजवला आणि ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळवला. पिलाजीराव आधी नवापूरला तळ देऊन होते. तिथे इतर मराठे सरदारांशी पटेना, म्हणून त्यांनी पश्चिमेला सरकून सोनगडची टेकडी निवडली. हे १७१९ साल. त्याच सुमारास सुरतेहून चालून आलेल्या फौजेचा त्यांनी पराभव केला. पुढे सुरतेच्या अठ्ठाविशीवर, म्हणजे सुरतेभोवतीच्या २८ परगण्यांवर, चौथाई बसली, ती वसूल करणारे घोडे याच टेकडीवरून उतरत. मोगल सुभेदाराच्या दृष्टीने सोनगड म्हणजे घराच्या उंबऱ्यावर येऊन बसलेला धनको.

पिलाजीरावांचा शेवट १७३२ साली डाकोरला दग्याने झाला. जोधपूरच्या अभयसिंहाने, जो त्या वेळी गुजरातचा मोगल सुभेदार होता, मारेकरी घातले. १७३४ साली पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी बडोदे घेतले ते कायमचे. तरीही राजधानीचा मान सोनगडचाच राहिला. पिलाजीरावांचे पुत्र दुसरे दमाजीराव यांनी १७६६ साली पाटणला बस्तान हलवले तेव्हा कुठे सोनगड मागे पडला. याच दमाजीरावांना १७५१ साली, ताराबाईंच्या बाजूने साताऱ्यावर चालून गेले असता, पेशव्यांनी कैद करून गुजरातचा अर्धा हिस्सा लिहून घेतला. तेव्हापासून दमाजीराव पेशव्याला डाव्या हाताने मुजरा करीत असे सांगतात. मराठ्यांच्या इतिहासात मराठ्यांना दगा देणारे बहुधा मराठेच असतात, हे मी सीमाप्रश्नाच्या सभेत बोलून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या नव्हत्या.

पाटण, नंतर बडोदे. सोनगड मग नवसारी प्रांतातला रानाकडेचा एक महाल होऊन राहिला. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेला मुलगा मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, म्हणजे थेट आमच्या अहिराणीच्या मुलखातला. सयाजीराव महाराजांनी १८८०च्या दशकात सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. भाषेच्या अंगाने मला त्यांचे दुसरेच एक काम अधिक मोठे वाटते. ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश त्यांनी १९३१ साली काढला. त्यात इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. राजा मराठी, प्रजा गुजराती. कोशात दोघींना सारख्याच रुंदीचे रकाने. आजच्या कोणत्या सीमाजिल्ह्यातल्या कचेरीत हे दिसते?

हे शेजार कागदावरच राहिले नाही. गुजराती वर्तमानपत्र उघडा. ‘चळवळ’, ‘वाटाघाट’, ‘निमणूक’, ‘ताबडतोब’ हे शब्द रोज भेटतात. ते आपल्याकडून गेलेले आहेत. नेमणुकीतला ‘ने’ वाटेत ‘नि’ झाला, एवढेच. तलवारीने मिळवलेली अठ्ठाविशी गेली, चौथाई गेली, पण ‘वाटाघाट’ राहिली. तीही अशा भाषेत, की जिच्याशी आपण १९५६ ते १९६० या काळात मुंबईवरून वाटाघाटीच करीत होतो.

सरहद्द मात्र या गडाभोवती सारखी सरकत राहिली. अठराव्या शतकात गडाच्या पश्चिमेला मोगलांची सुरत होती. एकोणिसाव्यात गडाच्या पूर्वेला इंग्रजांचा खानदेश आणि पायथ्याशी बडोद्याचे संस्थान. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढली ११ वर्षे सोनगड कशाचीच सीमा नव्हता. सुरत जिल्हा आणि पश्चिम खानदेश एकाच राज्यात नांदत होते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली आणि रेघ नवापूरच्या रेल्वेस्थानकातून, फलाटाला मधोमध कापत गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते, तोवर गाडी सुटायची वेळ झालेली असते. सोनगड २००७ सालापर्यंत सुरत जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला तापी जिल्हा वेगळा निघाला आणि गड तिकडे गेला. टेकडी जागची हलली नाही.

इथवरचा इतिहास मला बराच काळ पाठ होता, आणि त्याच्या बळावर मी एक अर्ज लिहिला होता. गडाच्या पायथ्याशी मराठीतून माहितीफलक लावावा, अशी मागणी. अर्जातले मुख्य वाक्य होते : ‘हा गड आमच्या पूर्वजांनी बांधला असल्यामुळे येथे आमच्या भाषेला स्थान मिळणे हा आमचा हक्क आहे.’ खाली सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या कितीतरी जणांच्या सह्या. ज्या कचेरीत दिला तिथे तो कुठल्या तरी गठ्ठ्यात गेला असावा. उत्तर आले नाही.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गडावर गेलो. तिचे वय आता ७८. आता वाहन बरेच वर जाते, पण उरलेल्या चढावरही ती दोनदा बसली. वर खंडेरावाचे ठाणे आहे, देवीचे देऊळ आहे, दर्गा आहे. तिघांनाही तिने सारख्याच भक्तीने हात जोडले. वाटेत शेळ्या राखणारा एक म्हातारा भेटला. मी शुद्ध गुजरातीत विचारले, देऊळ केटलुं दूर छे? त्याने नुसती मान हलवली. मग आईने विचारले, ‘देऊळ कितलं दूर शे, दादा?’ तेव्हा तो त्याच्या गामित बोलीत बोलू लागला आणि थांबेना. मला त्यातले निम्मे कळले, तिला सगळे. शेळ्यांचे भाव, गुडघ्याचे दुखणे, उकाईच्या पाण्यात गेलेले त्याच्या सोयऱ्यांचे गाव. समोर १९७२ सालच्या त्या धरणाचे पाणी चकाकत होते.

अर्ध्या तटावर टेकून मी आईला पिलाजीरावांची हकीकत सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्यास्ना पहिले आठे कोन व्हतं?’ मी म्हणालो, भिल्ल. पिलाजीरावांनी ही जागा भिल्लांकडून घेतली. हे वाक्य मी कित्येक वेळा वाचले होते, एक-दोनदा लिहिलेही होते, पण ‘घेतली’ या क्रियापदापाशी कधी थांबलो नव्हतो. आईने तटाच्या चिऱ्यावर हात ठेवला. ‘आनि ह्या दगड वर कोनी आनात?’

मी गप्प राहिलो. माझ्या अर्जातले ‘आमचे पूर्वज’ घोड्यावर बसून आले होते. दगड वाहणारे त्या शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याचे कोणी असतील, आमचेही कोणी असतील. साक्रीकडच्या आमच्या घराण्यात तलवार असल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

उतरताना तिने दुसरा विषय काढला, जो खरे म्हणजे जुनाच होता. २०११च्या जनगणनेत प्रगणक दारात आला तेव्हा मातृभाषेच्या प्रश्नाला तिने ‘अहिराणी’ असे उत्तर दिले आणि मी मध्येच ‘मराठी लिहा, मराठी’ असे म्हणालो. माझा हिशेब उघड होता. सुरतेत मराठीचा आकडा मोठा दिसला तर मराठी शाळा टिकतील. जनगणनेत अहिराणी ही खानदेशी या वेगळ्या भाषेखाली धरली जाते. त्या वर्षी खानदेशीचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार भरले, आणि हे सगळे मराठीच्या बेरजेबाहेर राहिले. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता १९०७ साली भिल्ल बोलींच्या सोबत बसवले, तेव्हापासून हे चालत आले आहे. मी चळवळीत वाढलेला. मला ती फंदफितुरी वाटे.

‘आते पुन्हा ईतीन ना त्या? मी अहिराणीच सांगसू, भाऊ,’ आई म्हणाली. ‘मी काय खोटं बोलू?’

वाचकहो, इथे भाषाशास्त्राचा एक छोटासा दाखला देतो. माझ्या अर्जापेक्षा तो अधिक सांगतो. प्रमाण मराठीत आपण ‘गडाचा रस्ता’ म्हणतो. गुजरातीत ‘गढनो रस्तो’. आई म्हणते ‘गडना रस्ता’. शब्द मराठीचा, प्रत्यय गुजरातीच्या शेजारचा. आपण ‘आहे’ म्हणतो, गुजराती ‘छे’, आई ‘शे’. डोंगरातल्या खिंडीला खानदेशात ‘बारी’ म्हणतात, जशी कोंडाईबारी. आणि सुरतेत खिडकीला ‘बारी’ म्हणतात. मला दोहोंच्या मुळाशी ‘द्वार’ दिसते. गाडीच्या बारीतून वडील गड दाखवत आणि एस.टी. बारीतून वर चढे. लहानपणी मला ते एकच वाटत असे आणि ते फारसे चूक नव्हते. या पट्ट्यात एक भाषा संपून दुसरी सुरू होत नाही. डांगच्या बोलीला १९५०च्या दशकात दोन्ही बाजूंनी आपापले नाव देण्याची चढाओढ झाली. तिकडच्यांनी तिला गुजराती म्हटले, आपण मराठी म्हटले, आणि बोलणारा काय म्हणतो हे ऐकायला कोणालाच सवड नव्हती. आईच्या बाबतीत दारात उभा राहून मी तेच केले.

तुमच्यापैकी काहींना, विशेषतः बेळगाव-कारवारकडच्या मित्रांना, हे सारे पराभूत वृत्तीचे वाटेल. ‘उद्या आमच्या गडांविषयीही असेच म्हणाल,’ असे एकाने आधीच सुनावले आहे. तिकडचा लढा वेगळा आहे. तिथे माणसे सलग प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आहेत आणि त्यांचा दावा त्या जिवंत बोलण्यावर उभा आहे. तो उभा राहायला गडाची गरज नाही, हेच तर मला म्हणायचे आहे. सुरतेचे म्हणाल तर लिंबायतच्या पोराला मराठीतून शिकता यावे, याचे कारण पिलाजीराव नव्हेत. ते पोर घरी मराठी किंवा अहिराणी बोलते, एवढे कारण पुरेसे आहे. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, जशा उर्दू, हिंदी, ओडिया आणि तेलुगूच्याही चालवते. ओडिया कामगाराने सुरतेत कुठला गड बांधला होता? त्याच्या पोराला तरीही शाळा आहे, आणि ती असावी. माझ्या मुलीच्या वर्गात मात्र शेवटच्या वर्षी अकरा मुले उरली होती आणि पुढल्या जूनमध्ये तो वर्ग दुसऱ्या शाळेत मिळवला गेला. त्या वेळी मी गडाच्या फलकासाठी सह्या गोळा करीत हिंडत होतो. वर्गासाठी एकदाही गेलो नाही.

अर्ज मी पुन्हा लिहिला आहे. फलकाची मागणी ठेवली आहे, कारण गडावर येणाऱ्याला आपल्या भाषेत माहिती मिळावी यात गैर काही नाही. मात्र ती गुजराती, मराठी आणि गामित अशा तिन्हींत मागितली आहे. ‘आमच्या पूर्वजांनी बांधला’ हे वाक्य काढून टाकले आहे. त्याऐवजी आधी भिल्लांचा उल्लेख, मग १७१९, मग १७६६पर्यंतची राजधानी, असा क्रम लावला आहे. दुसरा अर्ज वर्गाविषयी आहे. तो वेगळ्या कागदावर लिहिला, एकात दुसरा हरवू नये म्हणून.

दोन्ही आईला वाचून दाखवले. पहिल्यात मी ‘पिलाजीरावांनी भिल्लांकडून गड मिळवला’ असे लिहिले होते. तिने ‘मिळवला’ काढून ‘हिसकावला’ लिहायला सांगितले. अर्धा दिवस वाद घातला. शेवटी ‘घेतला’वर तडजोड झाली, आणि सह्यांच्या जागी पहिला अंगठा तिचा आहे.